नवी कोंबडी खुराड्यात सोडण्यापूर्वी

खेड्यातील अनेक घरांत एखादी कोंबडी इतर कोंबड्यांपासून वेगळी, माणसांतच वाढलेली आढळते. रवणातील बाकीची पिले घारीने किंवा मुंगसाने नेलेली असतात आणि एकच उरलेले असते. मुले ते चुलीजवळच्या टोपलीत उबेला ठेवतात, ज्वारीच्या कण्या व भाताची शिते चारून वाढवितात, आणि पुढे ते घरचेच एक माणूस होऊन बसते. अशा कोंबडीला बहुधा नावही असते. हाक मारल्यावर ती येते, उंबऱ्यावर बसते, धान्य पाखडताना सुपाभोवती घुटमळते. परंतु केव्हा तरी तिला इतर कोंबड्यांत सोडण्याचा प्रसंग येतोच. ती अंडी घालू लागते व घरात तिचे राहणे गैरसोयीचे होते. किंवा घरातील माणसे कामासाठी बाहेरगावी जावयाची असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा मागे राहणारी कोंबडी शेजारणीच्या किंवा नणंदेच्या खुराड्यात ठेवावी लागते. खुराड्याचे दार उघडून कोंबडी आत सोडणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण त्यापूर्वी तीन-चार आठवड्यांची तपासणी झाली नसेल, तर त्या अर्ध्या मिनिटाने दोन्ही घरच्या कोंबड्या गमावण्याची पाळी येऊ शकते. अंड्यांच्या पैशांवर ज्या घरची वही-पेन्सिल व मीठ-मिरची चालते, त्या घरास हा तोटा लहान नाही.

धोका दोन्ही बाजूंनी

बाहेरून आलेली कोंबडीच रोग आणते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. संसर्गजन्य सर्दीत कोंबडीचा चेहरा सुजतो व नाकातून दुर्गंधीयुक्त चिकटा येतो. या आजारातून उठलेली कोंबडी वरून पूर्ण बरी दिसते, तरी तिच्या नाकातील पोकळ्यांत रोगजंतू वास करून राहू शकतात. मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचे तसेच आहे; एकदा लागण झालेली कोंबडी बहुधा जन्मभर तो जंतू बाळगते. खुराड्यातील ओलसर मातीत व विष्ठेत रक्ती हगवणीच्या सूक्ष्म परजीवींची बीजे असतात. जुन्या कोंबड्यांनी पिलांच्या वयातच त्यांची थोडी थोडी लागण सोसलेली असते, म्हणून त्या तगून असतात. सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर एकटी वाढलेली तलंग यांपैकी कशालाच सामोरी गेलेली नसते. तिचे रक्षण करणारी शक्ती तिच्या अंगी तयारच झालेली नसते. म्हणून अशी लाडकी कोंबडी इतरांत सोडताना प्रश्न दोन असतात : ती इतरांना काय देईल, आणि इतरांकडून तिला काय मिळेल. जिच्या खुराड्यात ती जावयाची, त्या घरच्या कोंबड्यांचीही पाहणी व्हावयास हवी. पाहुण्या कोंबडीची तपासणी करताना यजमानांच्या कोंबड्यांकडे बोट दाखविणे कित्येकांना संकोचाचे वाटते. परंतु येथे संकोच महाग पडतो.

आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबडीबाबत तर अधिकच सावध असावे. गावात मर सुरू झाली की, उरलेल्या कोंबड्या मरण्यापूर्वी विकून टाकाव्या, अशी घाई पुष्कळांना होते. त्यामुळे बाजारात एकाएकी स्वस्त मिळणारी कोंबडी कोणत्या गावच्या मरीतून आली आहे, हे घेणाऱ्यास कळत नाही.

वेगळे ठेवण्याची रीत

पक्षी आपले दुखणे लपवितो. रानात जो दुबळा दिसतो त्याच्यावर प्रथम झडप पडते, म्हणून ही सवय त्याच्या रक्तातच आहे. कोंबडी मान टाकून बसलेली दिसते तेव्हा तिचा आजार बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. याच कारणास्तव एका दिवसाची पाहणी पुरेशी होत नाही. राणीखेत अर्थात मानमोडी हा रोग लागण झाल्यापासून २ ते १५ दिवसांत, सामान्यतः ५-६ दिवसांत, प्रकट होतो. उवांचा एक फेरा अंड्यापासून मोठी ऊ होईपर्यंत सुमारे ३ आठवडे घेतो. हे सर्व ध्यानात घेऊन नव्या कोंबडीस निदान ३ आठवडे, साधल्यास ३० दिवस, वेगळे ठेवावे.

जागा जुन्या खुराड्यापासून शक्य तितकी दूर असावी. अंगणात खुराडे असेल तर नवीस परसात ठेवावे. खुराड्याकडे तिच्याकडून वारा वाहणार नाही आणि तिच्या खालचे सांडपाणी तिकडे जाणार नाही, एवढे पाहावे. खर्चिक पिंजऱ्याची गरज नाही. बांबूचे मोठे डालगे, खाली कोरडा भुसा किंवा राख, वर सावली, आणि मांजर-मुंगसापासून संरक्षण, इतके पुरे. पाण्याचे व दाण्याचे भांडे मात्र स्वतंत्र असावे. खराटाही स्वतंत्र असावा. दाणापाणी करताना आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकावे आणि मग नवीकडे जावे. तेथून परतल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. चपलेच्या तळव्याला लागलेली विष्ठा हीच रोगाची सर्वांत सोपी वाट असते. भिंतीआड ठेवलेली कोंबडी वेगळी खरी, पण दोन्हीकडे तोच मुलगा अनवाणी धावत असेल तर ती वेगळी नव्हे. लाडक्या कोंबडीच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत कठीण जाते, कारण मूल तिला भेटल्यावाचून राहत नाही. त्याला बंदी करण्यापेक्षा भेटीची वेळ ठरवून द्यावी : जुन्या कोंबड्यांचे काम झाल्यावर भेटावे, आणि मग हात धुवावेत. कोंबडीचा मुका घेण्याची सवय मात्र मोडावी. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही माणसास जुलाब व ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात.

दुरून पाहणी

कोंबडीस हात लावण्यापूर्वी सकाळी पाच मिनिटे दूर उभे राहून पाहावे. निरोगी कोंबडी दिवस उजाडताच जमीन उकरू लागते, आवाजाकडे मान वळविते, दाणे टाकताच धावते. डोळे अर्धवट मिटून, पिसे फुलवून, एका कोपऱ्यात उभी राहणारी कोंबडी संशयास्पद समजावी. श्वास चोच मिटून व निःशब्द चालावयास हवा. वैशाखातल्या दुपारी सर्वच कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. परंतु थंड सकाळी चोच उघडी असेल किंवा गळ्यातून घरघर ऐकू येत असेल तर ते श्वसनरोगाचे चिन्ह होय. रात्री सामसूम झाल्यावर डालग्यापाशी कान दिला असता ही घरघर अधिक स्पष्ट ऐकू येते.

विष्ठेकडे दररोज पाहावे. तपकिरी-करडी, घट्टसर व वर पांढरा थर असलेली विष्ठा नेहमीची होय. काही वेळांनंतर एकदा गडद, चिकट व अति दुर्गंधी विष्ठा पडते. ती आंधळ्या आतड्यातील असते व तीही नेहमीचीच. ती पाहून घाबरून औषधे देणारे पुष्कळ आहेत. रक्ताचा अंश दिसल्यास रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. हिरवी, पाण्यासारखी विष्ठा आणि त्यासोबत सुस्ती, मान वाकडी होणे किंवा पाय-पंख लुळे पडणे ही लक्षणे मानमोडीची असू शकतात. हा रोग भारतात प्रथम कुमाऊँच्या डोंगरांतील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास आढळला, म्हणून त्यास ते नाव पडले. त्यावर औषध नाही.

हातात घेऊन तपासणी

कोंबडी संध्याकाळी, अंधार पडताना धरावी. त्या वेळी ती फारशी धडपडत नाही. दोन्ही पंख अंगाशी दाबून, डोके आपल्या कोपराकडे करून ती काखेत घ्यावी. तिचे अंग हातास गरम लागेल. तो ताप नव्हे; कोंबडीचे नेहमीचे तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते.

तपासणी डोक्यापासून करावी. तुरा व चोचीखाली लोंबणारे कल्ले अंडी घालणाऱ्या कोंबडीत लाल व टवटवीत असतात. ते फिकट असतील तर रक्तक्षय, जंत किंवा गोचीड यांचा विचार करावा, मात्र अंडी न घालणाऱ्या कोंबडीचा तुराही लहान व फिका असतो हे विसरू नये. तुरा निळा-काळा पडलेला असेल तर बाब गंभीर आहे. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती मसासारखे फोड व खपल्या दिसल्यास ती देवी होय. डास चावल्याने ती पसरते आणि गळून पडलेल्या खपल्यांत तिचे विषाणू महिनोगणती टिकतात. चोच हळूच उघडून आत पाहावे. जिभेवर व घशात पिवळसर पापुद्रे असतील तर तीही देवी असू शकते, आणि हा प्रकार बाहेरच्या फोडांहून वाईट. नाकपुड्या कोरड्या, डोळे स्वच्छ व पाणीदार असावेत.

गळ्याच्या बुडाशी अन्नाची पिशवी हातास लागते. ती संध्याकाळी भरलेली व सकाळी रिकामी असावी. सकाळी दाणापाणी देण्यापूर्वीही ती टणक किंवा आंबट वासाची, पाणी भरल्यासारखी लागली, तर अन्न पुढे सरकत नाही असे समजावे. त्याखाली छातीचे उभे हाड चाचपावे. पिसांमुळे कोंबडी गुटगुटीत दिसते, पण हाडाच्या दोन्ही अंगांस मांस नसेल व हाड सुरीच्या पाठीसारखे बोटास लागत असेल, तर ती आतून खंगत आहे. दर आठवड्यास पिशवीत घालून काट्यावर वजन करावे. वजन किती भरते, यापेक्षा ते घटते की स्थिर राहते, हे पाहणे महत्त्वाचे. पायांवरील खवले उचललेले, खडबडीत व पांढुरक्या भुकटीने भरलेले असतील तर खवल्यांखाली सूक्ष्म किडे शिरलेले असतात. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन त्यांवर खाद्यतेल किंवा व्हॅसलिन काही आठवडे चोळीत राहावे.

आता पंख उचलून व शेपटीखालची पिसे बाजूस सारून पाहावे. गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी पांढुरके पुंजके चिकटलेले दिसले तर त्या लिखा होत, आणि पिसे दूर करताच पळणारे पिवळसर किडे त्या उवा. पशुवैद्यकाने दिलेली भुकटी एकदा लावून काम होत नाही, कारण लिखांवर ती चालत नाही. दहा दिवसांच्या सुमारास ती पुन्हा लावावी लागते.

पंखाखाली व मांडीवर मोहरीएवढे किंवा त्याहून लहान निळसर-काळे ठिपके कातडीस घट्ट चिकटलेले आढळले, तर तेथे विशेष थांबावे. हे कोंबडीच्या गोचिडाचे बाल्यरूप होय. या गोचिडाची राहणी चोरासारखी आहे. मोठे गोचीड दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही; ते खुराड्याच्या फटीत, बांबूच्या पेरात, भिंतीच्या भेगेत दडून बसते आणि रात्री येऊन अर्ध्या-पाऊण तासात रक्त पिऊन परत जाते. म्हणून दिवसा कोंबडी पाहून गोचीड नाही असे म्हणणारा फसतो. बाल्यरूप तेवढे ५ ते १० दिवस अंगास चिकटून राहते आणि मग गळून पडून जवळची फट शोधते. कोंबडी वेगळी ठेवण्याचा खरा फायदा येथे कळतो : तेवढ्या दिवसांत ती पिले नव्या डालग्यात गळतात, जुन्या खुराड्यात शिरत नाहीत. म्हणूनच हे डालगे उकळत्या पाण्याने धुता येईल, वेळ पडल्यास जाळता येईल, असे साधे असावे. मोठे गोचीड रक्तावाचून वर्षाहून अधिक काळ जिवंत राहते. कोंबड्या मेल्यावर सहा महिने रिकामे ठेवलेले खुराडे आपोआप निर्धोक होत नाही. गोचीड रक्त तर पितेच, शिवाय कोंबडीस ताप आणून मारणारा एक सर्पिल जंतूही पसरविते. जुन्या खुराड्यात गोचीड आहे की नाही, हे रात्री दिवा घेऊन भेगांपाशी पाहावे. असल्यास भेगा लिंपून, चुन्याचा हात देऊन, जुनी पोखरलेली लाकडे जाळून मगच नवी कोंबडी तेथे न्यावी.

आजार नसलेले आजार

पिसे गळताना कोंबडी अशक्त व ओंगळ दिसते, अंडी बंद करते; पण नवी पिसे कोंबासारखी फुटत असतील तर तो रोग नव्हे. खुडूक कोंबडी दिवसभर बसून राहते, अंग फुलविते, दाणे टाकूनही उठत नाही आणि उठली की मोठी दुर्गंधी विष्ठा टाकते. लक्षणांची ही यादी वाचून कोणीही तिला आजारी म्हणेल. हात पुढे केल्यावर तिचा आवाज व टोच यांवरून मात्र शंका राहत नाही. या दोन्ही अवस्थांत तिला इतरांत सोडण्याची घाई करू नये.

लस व तिची अडचण

मानमोडीस प्रतिबंध लसीनेच होतो. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात वा नाकात देतात, आणि आठ आठवड्यांवरील कोंबडीस आर-टू-बी ही लस टोचतात. टोचल्यानंतर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. टोचून त्याच दिवशी खुराड्यात सोडणे म्हणजे न टोचण्यासारखेच आहे. आर-टू-बी ही जिवंत विषाणूची व जोरकस लस असल्याने आजारी किंवा खंगलेल्या कोंबडीस ती देऊ नये. म्हणून पहिला आठवडा पाहणीचा, त्यानंतर टोचणी, असा क्रम ठेवावा. एकट्या कोंबडीसाठी लस मिळविणे अवघड जाते, याचे कारण साधे आहे. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने किंवा पशुसखीने वाडीतील सर्व घरांशी बोलून एक दिवस ठरविला, तर दवाखान्यातील कुपी वाया जात नाही आणि प्रत्येक घरच्या चार-चार कोंबड्यांस लस मिळते. टोचणी पहाटे, कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी करावी. उजाडल्यावर त्यांच्यामागे धावण्यात अर्धी कुपी संपते. जंताचे औषधही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने याच काळात द्यावे. दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून त्यांचे तुकडे कोंबडीस चारण्याची रीत सोडावी. त्याने रोग दबतो, बरा होत नाही, आणि दबलेला रोग तपासणीतून निसटतो.

शेवटचा आठवडा

तीन आठवडे निर्वेध गेल्यावर जुन्या कोंबड्यांपैकी एक, साधी व धट्टीकट्टी, नवीच्या सोबतीस डालग्यात आणून ठेवावी. नवीच्या अंगी छुपा रोग असेल तर तो या एकीत उतरेल; जुन्यांच्या अंगी असेल तर नवीत दिसेल. सगळा कळप पणास लावण्यापेक्षा एक कोंबडी लावणे परवडते. आठ-दहा दिवस दोघी नीट खात-पीत राहिल्या, तर पुढे जाण्यास हरकत नाही. या सोबतीचा आणखी एक लाभ असा की, खुराड्यात जाताना नवीस एक ओळखीची मिळते. कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो आणि नवीस त्यात आपली जागा मारामारी करूनच मिळवावी लागते. दुबळी कोंबडी या मारात दाण्यापर्यंत पोहोचतच नाही. तिचा आजार त्यामुळे आठवडाभरात उफाळतो.

मधल्या काळात मर दिसली तर कोंबडी विकू नये, कापू नये, ओढ्यात फेकू नये. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अनेक कोंबड्या एकाएकी मेल्यास मात्र त्यांस हात न लावता आधी कळवावे. भारतात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तो व मानमोडी हे दोन्ही रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यान्वये कळविणे मालकावर बंधनकारक आहे.

सर्व ठीक असल्यास त्या दोघींना तिन्हीसांजेनंतर, इतर कोंबड्या दांडीवर बसल्यावर, हळूच त्यांच्या शेजारी बसवावे. दुसऱ्या दिवशी दाण्याची दोन भांडी दूरदूर ठेवावी, म्हणजे एकीवरून हुसकलेली दुसरीकडे खाऊ शकते. सकाळी घरातील कोणीतरी, आणि शक्यतो जिने तिला वाढविले त्या मुलीनेच, खुराड्याजवळ थांबून पाहावे. नव्या कोंबडीचा तुरा रक्ताळलेला दिसला तर तिला दोन दिवस परत डालग्यात घ्यावे व जखमेस हळद लावावी. संध्याकाळी तिची अन्नाची पिशवी चाचपावी. ती भरलेली असली, तर कोंबडीस कळपात दाणा मिळू लागला आहे.